अँड्रॉइड ऑटो आणि अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह: तीन अक्षरांचा फरक आणि गाडीची वर्गणी

गोव्यातल्या साखळीचे माझे मामा गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस विजेवरची नवी गाडी पाहू लागले आणि एका रविवारी दोन शोरूमची माहितीपत्रके घेऊन फोंड्याला माझ्याकडे आले. एका पत्रकावर ‘अँड्रॉइड ऑटो’ असे छापलेले होते, तर दुसऱ्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर विक्रेत्याने पेनाने ‘अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह’ असे लिहून दिले होते. ‘‘तीन अक्षरे जास्त आहेत, त्यांचेच पैसे लावले असतील,’’ असे मामा हसत म्हणाले. त्यांचा विनोद सत्यापासून फार दूर नव्हता, कारण गाडीतल्या पडद्यावर मालकी कोणाची आणि गाडी घेतल्यानंतरही दरमहा पैसे मोजावे लागणार की नाही, हे पुष्कळसे याच तीन अक्षरांत ठरते.

यातले अँड्रॉइड ऑटो म्हणजे मुळात गाडीची यंत्रणाच नव्हे. ती तुमच्या फोनची यंत्रणा आहे आणि गाडीचा पडदा तिने तात्पुरता वापरायला घेतलेला असतो. ॲपलचे कारप्ले २०१४ मध्ये आले, अँड्रॉइड ऑटो त्याच वर्षी जाहीर होऊन २०१५ मध्ये लोकांच्या हातात पडले आणि दोन्हींची रीत एकच आहे. रस्ता शोधणे, गाणे वाजवणे, आलेला निरोप वाचून दाखवणे, ही सगळी कामे खिशातला किंवा गिअरजवळच्या खणातला फोन करतो. तयार झालेले चित्र तो केबलमधून, किंवा ब्लूटूथने ओळख पटवून वाय-फायवरून, गाडीच्या पडद्याकडे पाठवतो. आणि गाडी उलट दिशेने तुमच्या बोटाचा स्पर्श व तुमचा आवाज फोनकडे पोचवते. जत्रेच्या रात्री बाहेरगावची नाटक मंडळी देवळासमोरच्या मंडपात प्रयोग करते, तसा हा प्रकार आहे. मंडप देवस्थानचा, पण नाटक, नट आणि पेटीवाला मंडळींचा. पहाटे मंडळी टेंपोत बसून गेली की मंडपात पडदा तेवढा उरतो. फोन काढून घेतला की गाडीत रेडिओ, एसीची बटणे आणि मागचा कॅमेरा राहतो, नकाशा राहत नाही.

अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह याच्या नेमके उलट आहे. इथे मंडळी गावचीच असते. गूगलने २०१७ मध्ये जाहीर केलेली ही पूर्ण कार्यप्रणाली गाडीच्या स्वतःच्या संगणकावर चालते, तिला फोनची गरज नसते आणि एसीपासून बॅटरीच्या टक्क्यांपर्यंत सगळे तिच्या हाताखाली असते. २०२० मध्ये आलेली पोलस्टार २ ही ती घेऊन रस्त्यावर उतरलेली पहिली गाडी. आपल्याकडे २०२२ मध्ये आलेल्या व्होल्वोच्या विजेवरच्या एक्ससी४० मध्येही तीच आहे. इंटरनेट ई-सिममधून, म्हणजे गाडीतच कायमच्या बसवलेल्या सिममधून, येते आणि नकाशा गाडीतच नोंदवलेल्या खात्यावर चालतो. इथे आणखी एक पाचर आहे, जी विक्रेते सहसा सांगत नाहीत. ही कार्यप्रणाली कोणालाही फुकट घेऊन बदलता येते, मात्र गूगलचा नकाशा, आवाजी मदतनीस आणि प्ले स्टोअर यांचा परवाना कंपनीला वेगळा घ्यावा लागतो. अमेरिकेतल्या रिव्हियन कंपनीने हाच पाया घेऊन वरचा सगळा डोलारा आपला उभारला. त्यामुळे ‘आत अँड्रॉइड आहे’ या वाक्यावरून आत गूगल मॅप असेलच असे निघत नाही.

मामांच्या डोक्यात या दोहोंबरोबर तिसरीही एक गोष्ट मिसळलेली होती आणि ती आपल्याकडे बहुतेकांच्या डोक्यात मिसळलेली असते: कंपनीचे मोबाइल ॲप, ज्यातून घरबसल्या गाडीचा एसी चालू करता येतो, कुलूप लागले आहे की नाही ते पाहता येते, चोरीला गेलेली गाडी कुठे आहे ते कळते. २०१९ मध्ये एमजी हेक्टर आणि ह्युंदाई व्हेन्यू आल्यापासून ही सोय भारतात सर्रास मिळू लागली. तिच्यासाठी गाडीत सिम लागते, पण अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह लागत नाही. अँड्रॉइड ऑटोवर चालणाऱ्या साध्या गाडीतही ती असते. पहिली काही वर्षे ती फुकट आणि पुढे नूतनीकरण, असा साधारण रिवाज आहे. सबस्क्रिप्शन म्हणजे वर्गणी, आणि ती आपल्या घरात शिरते ती बहुधा या दारातून.

आता एवढा फरक लक्षात ठेवायचा कशासाठी, असे विचारले तर उत्तरासाठी अमेरिकेतल्या जनरल मोटर्सकडे जावे लागते. या कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणे बंद केले, तरी तिच्या जुन्या शेव्हरोले म्हापसा-डिचोली रस्त्यावर अजून दिसतात. मार्च २०२३ मध्ये तिने जाहीर केले की विजेवरच्या पुढच्या गाड्यांत कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो, दोन्ही मिळणार नाहीत. त्याऐवजी गूगलसह गाडीची स्वतःची यंत्रणा असेल. पहिला बळी शेव्हरोले ब्लेझरच्या विजेवरच्या अवताराचा गेला. योगायोग असा की त्याच गाडीची विक्री सॉफ्टवेअरच्या तक्रारींमुळे डिसेंबर २०२३ मध्ये थांबवावी लागली आणि ती मार्च २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीच्या प्रमुख मेरी बारा यांनी हे धोरण काळाच्या ओघात पेट्रोलच्या गाड्यांनाही लागू होईल, असे सूचित केले. टेस्लाने तर सुरुवातीपासूनच फोनला आपल्या पडद्यावर पाऊल ठेवू दिले नव्हते.

जनरल मोटर्सची बाजू अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. विजेच्या गाडीत नकाशाला बॅटरीची स्थिती ठाऊक असेल तर वाटेत कुठे आणि किती वेळ चार्जिंग करायचे हे तो आपणहून सांगू शकतो आणि चार्जर येण्याआधी बॅटरी योग्य तापमानाला आणून ठेवू शकतो. फोनची जोडणी मध्येच तुटली की चालक फोन हातात घेतो आणि त्यात धोका आहे, हाही कंपनीचा एक मुद्दा होता. पण हे दोन्ही मुद्दे गाडीची यंत्रणा चांगली का असावी याचे आहेत, फोनला दार का बंद करावे याचे नाहीत. व्होल्वो आणि पोलस्टार यांच्या गाड्यांत अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह चालू असतानाच आयफोन जोडला तर कारप्लेही चालते. फोर्डने मस्टँग माक-ई या आपल्या विजेवरच्या गाडीत बॅटरीची माहिती फोनमधल्या नकाशाला देण्याची सोयही केली. म्हणजे दोन्ही एका गाडीत नांदू शकतात. एकीला बाहेर काढणे ही तंत्राची गरज नसून धंद्याचा निर्णय आहे. याच जनरल मोटर्सने ऑक्टोबर २०२१ मध्ये गुंतवणूकदारांना सांगितले होते की २०३० पर्यंत सॉफ्टवेअर आणि सेवांमधून वर्षाला २० ते २५ अब्ज डॉलर मिळवायचे आहेत. फोनमधला फुकट नकाशा पडद्यावर दिसत राहिला तर गाडीतल्या नकाशाची वर्गणी कोण भरणार, हा प्रश्न त्या आकड्याशेजारी ठेवून पाहावा.

पडद्यासाठी पैसे मागण्याचा प्रयोग याआधी फसलेला आहे. बीएमडब्ल्यू अमेरिकेत कारप्लेसाठी वर्षाला ८० डॉलर घेत असे. म्हणजे नाटक मंडळींना मंडपाच्या दारातच तिकीट काढायला लावण्याचा प्रकार होता. गिऱ्हाइकांची नाराजी वाढली, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये कंपनीने ते शुल्क सोडले. याच कंपनीने २०२२ मध्ये काही देशांत गरम होणाऱ्या सीटसाठी मासिक वर्गणी लावली आणि पुढच्याच वर्षी तीही गुंडाळली. (मे महिन्यात फोंड्याच्या बाजारात उन्हात लावलेल्या गाडीत बसणाऱ्यांना ही सोय वर्षानुवर्षे विनामूल्य मिळत आली आहे.) लोक तिथे चिडले, कारण सीटमधली तार गाडीबरोबर विकत घेतलेली होती आणि पैसे फक्त कळ उघडण्याचे मागितले जात होते. नकाशाचे तसे नाही. ताजी वाहतूक, ई-सिमचा डेटा आणि सर्व्हर यांचा खर्च खराच दरमहा होतो, त्यामुळे टेस्ला अशा जोडणीसाठी अमेरिकेत महिन्याला ९.९९ डॉलर घेते त्यात मला अन्याय दिसत नाही. मात्र फोनच्या रिचार्जमध्ये ज्याने हा खर्च आधीच भरला आहे, त्याला तो दुसऱ्यांदा भरण्यावाचून पर्याय ठेवला जात नाही, तेव्हा तक्रार रास्त ठरते.

हे सगळे आपल्या रस्त्यांवर कसे दिसते ते चोर्ला घाटात कळते. साखळीहून बेळगावला जाताना केरी मागे पडली आणि चढ सुरू झाला की रेंज जाऊ लागते आणि पावसाळ्यात, धुक्यात, नेमकी पुढचे वळण पाहायची गरज असते तेव्हा पडद्यावरचा नकाशा करडा होतो. निळा बाण मात्र सरकत राहतो, कारण तो उपग्रहावर चालतो, इंटरनेटवर नाही; नाहीसे होतात ते न उतरवलेले रस्ते. या ठिकाणी गाडीच्या यंत्रणेची एक बाजू उजवी आहे: छतावरच्या अँटेनामुळे तिला उपग्रह आणि मोबाइलचा मनोरा, दोन्ही बरे सापडतात आणि चाकांच्या फेऱ्या मोजून ती काही काळ अंदाजानेही वाट दाखवू शकते. फोनची बाजू अशी की त्यात दोन कंपन्यांची दोन सिमे असतात, एकीने मान टाकली तर दुसरी चालवता येते. गाडीतले ई-सिम मात्र गाडी बनवणाऱ्याने निवडलेल्या एकाच मोबाइल कंपनीचे असते आणि त्या कंपनीला आपल्या गावात रेंज आहे का, हे शोरूममध्ये कोणी विचारत नाही. मी स्वतः घाट चढण्याआधी फोनवर गोवा आणि बेळगावचा नकाशा उतरवून ठेवतो. नकाशा आधीच उतरवून ठेवणे हा दोन्ही प्रकारांना लागू पडणारा उपाय आहे.

खासगीपणाच्या बाबतीत गल्लत उलट दिशेने होते. फोन आपला, म्हणून सुरक्षित, असे लोक धरून चालतात. पण फोनमधल्या नकाशाकडूनही आपला ठावठिकाणा गूगल किंवा ॲपलकडे जातोच. फरक एवढाच की गाडीची यंत्रणा त्यात आणखी एक हिशेबनीस बसवते, जो गचकन लावलेला ब्रेकही टिपून ठेवतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने जनरल मोटर्स आणि तिच्या ऑनस्टार या गाडी इंटरनेटला जोडणाऱ्या सेवेवर नेमका हाच ठपका ठेवला होता: काही वेळा दर तीन सेकंदांनी घेतलेला ठावठिकाणा आणि चालवण्याच्या सवयी ग्राहकांच्या नीट संमतीवाचून गोळा करून विकल्या आणि ती माहिती विमा कंपन्यांपर्यंत पोचली. गोव्यात हा मुद्दा काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या भाड्याच्या गाड्यांत रोज डोळ्यांपुढे येतो. मोपा विमानतळावर नातेवाइकांसाठी घेतलेल्या अशा एका गाडीत ब्लूटूथची यादी उघडली तेव्हा आधीच्या अकरा पर्यटकांच्या फोनची नावे तिथे ओळीने उभी होती, त्यांतल्या दोघांच्या संपर्कवह्याही गाडीने ठेवून घेतल्या होत्या. अँड्रॉइड ऑटोच्या गाडीत मागे राहते ते साधारण एवढेच. ऑटोमोटिव्हच्या गाडीत आधीचा माणूस आपल्या खात्यातून बाहेर पडायला विसरला असेल, तर त्याच्या घराचा पत्ता आणि कालपर्यंतच्या फेऱ्याही पडद्यावर मिळू शकतात. जुनी गाडी विकताना किंवा घेताना कारखान्यातल्या मूळ स्थितीवर ती आणणे (फॅक्टरी रिसेट) म्हणूनच आरसी बुकावर नाव चढवण्याइतके आवश्यक झाले आहे.

राहता राहिले वय. आपल्याकडे गाडी बारा-पंधरा वर्षे वापरली जाते आणि त्या अवधीत फोन तीन-चार वेळा बदलतो. अँड्रॉइड ऑटोच्या गाडीत प्रत्येक नव्या फोनबरोबर पडद्यामागचा मेंदूही नवा होतो. ऑटोमोटिव्हच्या गाडीत तो पहिल्या दिवशी बसवलेलाच राहतो आणि त्याचे पुढचे आयुष्य कंपनी किती वर्षे अपडेट पाठवते यावर अवलंबून असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत एटी अँड टी या मोबाइल कंपनीने ३जी बंद केले, तेव्हा चांगल्या चालत्या गाड्यांतल्या, ३जीवर अवलंबून असलेल्या जोडणीच्या सेवा एका दिवसात मुक्या झाल्या.

मामांना मी हे इतके सांगितले नाही. दुसऱ्या शोरूममध्ये पुन्हा जाऊन गाडीत बसा, फोन विमानाच्या मोडवर टाका आणि नकाशा चालतो का ते पाहा, आणि चालला तर हा किती वर्षे फुकट आणि त्यानंतर किती, आणि माझा फोन जोडला तर तोही या पडद्यावर दिसेल का, एवढे तीन प्रश्न विचारा, असे सुचवले. मंगळवारी त्यांचा फोन आला. नकाशा चालला होता. फोनही जोडता येतो, असे विक्रेत्याने दाखवून दिले होते. फुकटची मुदत संपल्यावरच्या दरासाठी मात्र तो आत मॅनेजरकडे गेला, दहा मिनिटांनी चहा घेऊन परत आला आणि ‘‘ते तेव्हा कंपनी ठरवील’’ असे म्हणाला. ते वाक्य मामांनी पत्रकाच्या मागे, ‘अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह’ या शब्दांच्या खाली, त्याच्याच हाताने लिहून घेतले आहे.