पान्ह्याचं इंजेक्शन आणि मत्स्यबीजाचं इंजेक्शन: एका ग्रंथीची दोन कुळं

‘हार्मोनचं इंजेक्शन’ म्हटलं की चोपड्याच्या गोठ्यात एक अर्थ निघतो आणि तापीकाठच्या मत्स्यबीज केंद्रात दुसरा. म्हैस पान्हावत नसली की देतात ते ऑक्सिटोसिन. रोहूच्या मादीने अंडी सोडावीत म्हणून देतात तो माशाच्या पिट्यूटरीचा, म्हणजे मेंदूखालच्या छोट्या ग्रंथीचा, अर्क. ऑक्सिटोसिनही पिट्यूटरीतूनच रक्तात उतरतं, त्यामुळे औषध एकच, जनावर तेवढं वेगळं, असं वाटू शकतं. तसं नाही. ही ग्रंथी दिसायला एक असली तरी तिचे दोन भाग दोन वेगळ्या कुळांतून आलेले आहेत.

मागचा भाग म्हणजे मेंदूचंच खाली उतरलेलं टोक. तिथे हार्मोन बनत नाही. मेंदूतल्या चेतापेशी ते बनवतात, लांब तंतूंतून खाली पाठवतात आणि तंतूंची टोकं ते थेट रक्तात सोडतात. पुढचा भाग मात्र मेंदूचा नाहीच. सस्तन प्राण्याच्या गर्भात तोंडाच्या छताचा थर खिशासारखा वर वळतो, तोंडापासून तुटतो आणि मेंदूखाली जाऊन चिकटतो. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ मार्टिन राथके यांनी हा खिसा 1838 मध्ये वर्णिला.

हार्मोनांचं कुळही तितकंच वेगळं. ऑक्सिटोसिन ही जेमतेम 9 अमिनो आम्लांची साखळी. तिचे नातलग कणा नसलेल्या प्राण्यांतही सापडतात. गांडुळात असंच एक हार्मोन अंडी घालण्याच्या हालचाली घडवतं. म्हणजे हे घराणं दुधापेक्षा फार जुनं, माशांहूनही जुनं. जबडा नसलेल्या, माशासारख्या लॅम्प्रेत या घराण्याचं एकच हार्मोन आहे, व्हॅसोटोसिन. जबड्याच्या प्राण्यांत त्या जनुकाची शेजारीच नक्कल झाली. आजही माणसात ऑक्सिटोसिन आणि त्याच घराण्यातलं, शरीरातलं पाणी राखणारं व्हॅसोप्रेसिन यांची जनुकं 20व्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी बसलेली आहेत.

पुढच्या भागातली एफएसएच आणि एलएच (जननग्रंथींना चालना देणारी) आणि टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं) ही मोठी, साखर चिकटलेली, दोन साखळ्यांची हार्मोनं. एक साखळी तिघांत समान, दुसरी ज्याची त्याची. माणसात या दुसऱ्या साखळीची जनुकं अनुक्रमे 11, 19 आणि 1 या गुणसूत्रांवर विखुरली आहेत. ऑक्सिटोसिनचं कुळ शेजारच्या नकलेने वाढलं, हे मुख्यतः अख्ख्या जनुकसंचाच्या नकलेने; तो फरक इथे नजरेत भरतो. अ‍ॅम्फिऑक्सस या माशासारख्या, कणा नसलेल्या छोट्या समुद्री प्राण्यात पिट्यूटरी नाहीच. त्याच्या तोंडाच्या छतातला हाटशेकचा खळगा हे पुढच्या भागाचं पूर्वरूप असावं, असं मानतात.

गोठ्यातलं काम सोपं. सड हाताळले की म्हशीचा मेंदू ऑक्सिटोसिन सोडतो, कासेतल्या बारीक पिशव्या आवळतात आणि दूध उतरतं. म्हशीचं बहुतेक दूध या पिशव्यांतच असतं, म्हणून ढेप पुढ्यात ठेवून 2-3 मिनिटं कास चोळणं महत्त्वाचं. जनावर बिथरलं तर अ‍ॅड्रेनॅलिन हा पान्हा अडवतं. आपण म्हणतो, म्हैस दूध चोरते. रोजच्या इंजेक्शनचा आम्ही स्पष्ट विरोध करतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकताही येत नाही.

माशाचं काम नाजूक. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे पिट्यूटरी अर्काने मासे विणवले, तेव्हापासून ही पद्धत रुळली. पिकलेल्या, ताज्या मेलेल्या कार्पच्या कवटीतून मेंदू अलगद उचलला की खालच्या हाडाच्या खळग्यात पातळ पडद्याखाली पांढरट दाणा दिसतो, तीच पिट्यूटरी. तो न फोडता शुद्ध अल्कोहोलमध्ये टाकायचा, 24 तासांनी अल्कोहोल बदलायचं आणि गडद रंगाच्या बाटलीत ठेवायचं. अल्कोहोलमध्ये पाणी राहिलं तर हार्मोन बिघडतं. वापरताना वाळवून वजन करायचं, 0.3 टक्के मिठाच्या पाण्यात घोटायचं, गाळ बसवून वरचं पाणी घ्यायचं. मादीला आधी किलोमागे 2-3 मिलिग्रॅम, 6 तासांनी 5-8 मिलिग्रॅम. नराला 2-3 मिलिग्रॅम एकदाच, मादीच्या दुसऱ्या सुईच्या वेळी. अख्खा दाणा घोटला जात असल्याने अर्कात मागच्या भागाची हार्मोनंही येतात, पण अंडी पिकवून सोडवतं ते पुढच्या भागाचं जननग्रंथी-प्रेरक हार्मोनच. पोट मऊ नसलेल्या कच्च्या मादीला कितीही मात्रा दिली तरी जिरे (अंड्यांतून नुकती निघालेली पिल्लं) मिळत नाही.

बाजारातलं तयार इंजेक्शन आणखी एक पायरी वरचं. त्याच्या मिलिलिटरमध्ये सालमन माशाच्या जीएनआरएचसारखं (पिट्यूटरीला हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या हार्मोनासारखं) रसायन 20 मायक्रोग्रॅम आणि डोमपेरिडोन 10 मिलिग्रॅम असतं. पहिलं मादीच्या स्वतःच्या पिट्यूटरीला हार्मोन सोडायला सांगतं, दुसरं या कामाला अडवणाऱ्या डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा ब्रेक काढतं. रोहूच्या मादीला किलोमागे 0.3-0.4 मिली एकदाच पुरतं. पण ते मादीच्या साठ्यावर चालतं. तिची ग्रंथीच रिकामी असेल तर सोडायला काही नसतं, आणि तिथे घोटलेला अर्कच थेट अंडाशयापर्यंत पोचतो.