पार्श्वभूमी : ‘लेडीज, अ प्लेट’ आणि दगडावरची नावं

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स किंवा व्हिक्टोरिया राज्यातल्या छोट्या गावात आज गेलात तरी मेन रोडवर पत्र्याच्या छपराचा एक हॉल दिसतो, आणि जवळपास कुठेतरी महायुद्धात गेलेल्यांची नावं कोरलेला दगड. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ही गावं कशी जगत होती हे समजून घ्यायचं तर या दोन गोष्टींपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. सोन्याच्या खाणी, मेंढ्या, रेल्वे हे सगळं बहुतेकांना माहीत असतं म्हणून सोडून देतोय.

पहिल्या महायुद्धाच्या वेळी ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या ५० लाखांच्या आत होती. तीन लाखांहून जास्त माणसं परदेशात लढायला गेली आणि साधारण ६० हजार मेली. त्यांचे मृतदेह परत आणायचे नाहीत असं ठरलेलं होतं, म्हणजे घरच्यांना ना अंत्यविधी ना थडगं, फुलं ठेवायची तर ठेवायची कुठे? म्हणून गावोगावी वर्गणी निघाली. आणि वर्गणी निघाली तसा वादही निघाला, नुसता दगड उभा करायचा की काहीतरी उपयोगाचं बांधायचं, हॉल, दवाखाना, वाचनालय. दगडवाले म्हणायचे की हॉल गावाला तसाही लागणारच होता, तो मेलेल्या पोरांच्या नावावर कशाला बांधता. हॉलवाले म्हणायचे की ती पोरं ज्या गावासाठी गेली ते गाव एकत्र बसेल अशी जागा हीच त्यांची आठवण. मला हॉलवाल्यांचं जास्त पटतं, पण ज्या आईचा मुलगा फ्रान्समध्ये पुरला गेला तिला नाचगाण्याच्या हॉलमध्ये त्याचं नाव नको वाटलं असेल तर तेही समजतं. काहींनी तिसराच मार्ग काढला, मेलबर्नच्या पश्चिमेला बॅकस मार्शला १९१८ च्या ऑगस्टमध्ये, युद्ध संपायच्या आधीच, रस्त्याच्या दुतर्फा एल्मची २८१ झाडं लावली, भरती झालेल्या प्रत्येकाच्या नावाचं एक.

खरी गुंतागुंत नावांची. सक्तीच्या भरतीवर १९१६ आणि १९१७ ला दोनदा मतदान झालं आणि दोन्ही वेळा लोकांनी नाही म्हटलं, म्हणजे परदेशात गेलेला प्रत्येक जण स्वखुशीने गेलेला. त्यामुळे अनेक दगडांवर मेलेल्यांबरोबर परत आलेल्यांचीही नावं कोरली, जे ब्रिटनमध्ये फारसं दिसत नाही. ऐकायला हे छान वाटतं. पण सगळ्या जाणाऱ्यांची यादी लावली की न गेलेल्यांची यादी आपोआप तयार होते, आणि अख्खं गाव एकमेकांना ओळखत असेल तर ती वाचायला दगड लागत नाही. मतदानाने आधीच घरं दुभंगलेली, त्यात आयरिश कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशी फूट, दुकानसुद्धा आपल्या लोकांचं बघून निवडायचं. शिवाय जन्म एका गावात, लोकर कातरायचं काम दुसऱ्या गावात आणि भरती तिसऱ्या गावात, मग नाव कुठे? कुणाचं तीन ठिकाणी लागलं, कुणाचं राहूनच गेलं.

आता हॉलच्या आत. न्यू साउथ वेल्समध्ये १९१६ पासून पब संध्याकाळी सहाला बंद करायचा कायदा होता, तो थेट १९५५ पर्यंत टिकला, त्यामुळे सहानंतर गावाला एकत्र यायला उघड जागा म्हणजे हॉल. तिथेच सिनेमा, तिथेच मीटिंग, आणि शनिवारी नाच. नाचाआधी लाकडी जमिनीवर रॉकेलात भिजवलेला भुसा टाकून झाडायचं, मग मेणबत्तीचा कीस पसरायचा आणि पोरांना गोणपाटावर बसवून इकडून तिकडे ओढायचं, जमीन आरशासारखी होईपर्यंत. पोरांसाठी खरी मजा तीच. रात्री तान्ही बाळं मागच्या खोलीत ओळीने झोपवलेली असायची.

जाहिरातीत पुरुषांसाठी तिकिटाचा दर आणि पुढे ‘लेडीज, अ प्लेट’. प्लेट म्हणजे रिकामी प्लेट नव्हे, भरलेली, सँडविच नाहीतर स्पंज केक नाहीतर स्कोन. बाहेरून आलेले लोक अजूनही कधीकधी रिकामी ताटली घेऊन पोचतात, आपल्याकडून गेलेल्यांनाही हे कुणीतरी आधी सांगावं लागतं. प्लेटच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव लिहिलेलं, कारण उरलेलं संपल्यावर ती बरोबर घरी परत गेली पाहिजे. हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो कारण हॉलच्या छपरापासून पियानोपर्यंत कितीतरी खर्च बायकांच्या या प्लेटांवर निघाला, पण दगडावर कोरलं गेलं ते पुरुषांनी केलेलं काम. १९२२ पासून गावाकडच्या बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली, तिने बाळांची तपासणी केंद्रं काढली आणि रेस्ट रूम बांधल्या. बाजाराला घोडागाडीतून मैलोन्‌मैल येणाऱ्या बाईला बाळाला पाजायला, बदलायला, नुसतं टेकायला जागाच नव्हती, ती यामुळे झाली.

मंदीबद्दल थोडक्यात. १९३० ला सरकारने जास्त गहू पेरा म्हणून सांगितलं, बुशेलला (धान्याचं जुनं माप) ४ शिलिंगचं आश्वासन दिलं, कायदा सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, अडकला आणि भाव २ शिलिंगच्या आसपास कोसळला. बेकार माणसं पाठीवर गाठोडं घेऊन पायी फिरत, पोलीस ठाण्यावर आठवड्याचं रेशन मिळे, पण पुढच्या आठवड्याचं घ्यायला पुढच्या गावी जावं लागे. आपल्या देशातले, बहुतेक पंजाबातले फेरीवालेही या रस्त्यांवर होते, घोडागाडीत कापड, रिबिनी, सुया घेऊन शेताशेतावर जाणारे. १९०१ च्या कायद्याने नवीन येणं जवळपास बंद झालं होतं, १९२५ ला त्यांना राष्ट्रीय निवडणुकीत मत मिळालं, बायकामुलं मात्र बहुतेकांची तिकडे गावीच राहिली.

आणि ज्यांची ती जमीन मुळात होती ते आदिवासी गावाबाहेरच्या रिझर्व्हवर, म्हणजे सरकारने त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या वस्तीवर, किंवा नदीकाठच्या झोपड्यांत. त्यांच्यातलेही शेकडो जण पहिल्या युद्धात लढले होते. परत आलेल्या सैनिकांना वाटलेली शेतं त्यांच्यातल्या अगदी मोजक्यांनाच मिळाली. कितीतरी गावांत सिनेमाला त्यांच्यासाठी पुढच्या वेगळ्या रांगा, आणि गोऱ्या पालकांनी हरकत घेतली की त्यांची मुलं सरकारी शाळेतून बाहेर, न्यू साउथ वेल्समध्ये ही मुभा १९७२ पर्यंत कागदावर होती. १९३९ च्या फेब्रुवारीत मरे नदीकाठच्या कमरागंजा या अशाच वस्तीतून लोक सरळ उठून नदी ओलांडून व्हिक्टोरियात गेले, वस्तीच्या मॅनेजरच्या जाचाला आणि अपुऱ्या रेशनला कंटाळून.

याचा हिशोब बराच उशिरा मागितला गेला. १९६५ च्या फेब्रुवारीत सिडनीचे विद्यार्थी एका बसमधून या गावांत गेले. मोरी नावाच्या गावात त्यांनी पोहण्याच्या तलावात आदिवासी मुलांना सोडा म्हणून धरणं धरलं. त्याआधी वॉलगेटला परत आलेल्या सैनिकांच्या क्लबसमोर भर उन्हात तासन्‌तास फलक घेऊन उभे राहिले, कारण त्या क्लबात आदिवासी माजी सैनिकांना आत घेत नव्हते. त्याच रात्री गावाबाहेर एका ट्रकने त्यांची बस रस्त्यावरून खाली घातली.