गाटा जीन्सची सहा भावंडं

लाल पेशीत हिमोग्लोबिनचा जीन जोरात चालू आणि मेंदूच्या पेशीत तोच बंद, डीएनए मात्र दोन्हीकडे सेम, मग हे ठरवतं कोण? याच्या मागे लागलेल्या अमेरिकेतल्या दोन लॅब्सना, एक स्टुअर्ट ऑर्किन यांची आणि दुसरी गॅरी फेल्सनफेल्ड यांची, १९८९ मध्ये एक प्रोटीन सापडलं. डीएनएवर जी-ए-टी-ए ही अक्षरं दिसली की हे तिथे जाऊन चिकटायचं आणि जवळचा जीन चालू किंवा बंद करायचं, म्हणून नाव गाटा-१. दोनच वर्षांत कळलं की या प्रोटीनचा जीन काढून टाकलेल्या स्टेम सेल्सपासून, म्हणजे ज्यांतून वेगवेगळ्या पेशी बनतात त्या मूळ पेशींपासून, उंदरात बाकीचे अवयव बनतात पण पक्व लाल पेशी काही बनत नाहीत.

मग एकेक भावंड सापडत गेलं, एकूण सहा. गाटा-२ रक्ताच्या स्टेम सेलमध्ये, ३ टी-सेल या रोगप्रतिकारक पेशींमध्ये, ४ ते ६ हृदय आणि आतड्याकडे. गंमत म्हणजे सगळे जवळपास तीच अक्षरं वाचतात! मग प्रोटीनमध्येच फरक असणार असं वाटणं साहजिक, पण १९९८ मध्ये उंदरात गाटा-१ च्या जागी गाटा-३ बसवून बघितला तर लाल पेशी काही अंशी सावरल्या, म्हणजे कोण आहे यापेक्षा कुठल्या पेशीत आणि कधी चालू आहे यालाही तितकंच महत्त्व. स्टेम सेलमध्ये गाटा-२ स्वतःच्याच जीनवर बसून तो चालू ठेवतो, लाल पेशी बनायला लागली की गाटा-१ वाढतो, त्याच जागांवरून गाटा-२ ला हुसकावतो आणि गाटा-२ चा जीन बंद पडतो.

गाटा-१ ला जोडीदारही लागतो. १९९७ मध्ये फॉग-१ हे त्याचं जोडीदार प्रोटीन सापडलं, आणि २००० मध्ये एका कुटुंबात गाटा-१ मधलं फक्त एक अमिनो आम्ल बदललेलं दिसलं, डीएनएला चिकटणं ठीकठाक पण फॉगशी जमेना, तेवढ्यानं अ‍ॅनिमिया आणि प्लेटलेट कमी.

हे सगळं ऐकायला लॅबपुरतं वाटतं, पण गडचिरोली-नंदुरबारकडे ज्याचे पेशंट आहेत त्या सिकल सेल या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारावरची कॅसजेव्ही ही थेरपी, २०२३ मध्ये आधी ब्रिटन आणि मग अमेरिकेत मंजूर झालेली, यातूनच आली. बाळाचं हिमोग्लोबिन बंद करणारा बीसीएल-११-ए हा जीन अख्खा उडवता येत नाही कारण बी-सेल या रोगप्रतिकारक पेशींना तो लागतो, म्हणून क्रिस्पर या डीएनए कापायच्या तंत्राने त्याच्या फक्त लाल पेशीत चालणाऱ्या स्विचमधली गाटा-१ ची जागा तोडतात, म्हणजे लाल पेशीत तो मंदावतो आणि बाळाचं हिमोग्लोबिन पुन्हा बनायला लागतं.