रोजे रिव्हिएर: ट्रॅकवरचा एक तास आणि घाटातलं एक वळण

सप्टेंबर 1958, मिलानचा विगोरेली ट्रॅक. फ्रान्सच्या सें-एतिएनचा 22 वर्षांचा सायकलपटू रोजे रिव्हिएर एका तासात जास्तीत जास्त अंतर कापायला उतरला, मध्येच टायर पंक्चर झालं, त्यात वेळ गेला, आणि तरी पठ्ठ्याने 47.347 किमी मारले! आदल्या वर्षीचा 46.923 चा रेकॉर्ड पण त्याचाच होता. म्हणजे वाढले फक्त 424 मीटर, वाटतं एवढं काय त्यात? पण सपाट ट्रॅकवर जवळजवळ सगळी ताकद हवा कापण्यात जाते आणि स्पीड दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट, लागणारी पॉवर मात्र आठपट होते. त्या हिशोबाने स्पीड एक टक्काही वाढला नाही, पण त्यासाठी पावणेतीन टक्के जास्त जोर लावावा लागला, तोही सलग तासभर. मला तर हे आकडे बघूनच धाप लागते.

ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतात आणि फ्रीव्हीलही नसतं, चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच, वेग कमी करायचा तर पायानेच. अशा सायकलवर रिव्हिएर 1957 ते 59 सलग तीनदा परस्यूटचा (ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी सुटून दोघांनी एकमेकांचा पाठलाग करायची रेस) वर्ल्ड चॅम्पियन झाला.

रस्त्यावर मात्र घाट येतात. 1960 च्या टूर द फ्रान्समध्ये, म्हणजे फ्रान्समधल्या अनेक दिवस चालणाऱ्या रस्त्यावरच्या सायकल रेसमध्ये, तो दुसऱ्या नंबरवर होता, पुढे इटलीचा नेन्चिनी, उतारावर त्याच्यासारखा सुसाट कुणीच नाही. पेर्जुरे घाटात रिव्हिएर त्याच्या मागे लागला, एका वळणावर सायकल बाहेर गेली आणि तो दरीत कोसळला. मणके मोडले.

आधी त्याने ब्रेकवर खापर फोडलं, नंतर कबूल केलं की पाल्फियम घेतलं होतं. हे मॉर्फिनच्या जातीतलं जबरदस्त पेनकिलर, मेंदूकडे जाणारा वेदनेचा निरोपच दाबून टाकतं, पण सोबत गुंगी आणतं आणि हालचालही मंदावते. बोटांना ब्रेकचा अंदाजच आला नसावा असं तेव्हापासून सांगतात. उतारावर स्पीड दुप्पट झाला की थांबायला अंतर साधारण चौपट लागतं, तिथे अर्धा सेकंद उशीर झाला तरी वळण हातचं जातं. पाय दुखणं थांबवायला घेतलेल्या औषधाने हातच निकामी केले असतील तर काय म्हणायचं, फार वाईट वाटतं हो.

तेव्हा तो 24 चा होता. पुन्हा कधीच रेस मारता आली नाही, 1976 मध्ये चाळिशीतच गेला. त्याचा तासाचा रेकॉर्ड मात्र अपघातानंतरही सात वर्षं, 1967 पर्यंत, कुणाला अधिकृतपणे मोडता आला नाही.