वायुविनिमय, फुप्फुसांतील

श्वासावाटे आत आलेली हवा आणि फुप्फुसांतील रक्त यांच्यात ऑक्सिजन व कार्बन डाय-ऑक्साइड यांची होणारी देवाणघेवाण. ती विसरणाने होते, म्हणजे वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे आपोआप सरकतो. विसरण अगदी थोड्या अंतरापुरतेच जलद असते. त्यामुळे मोठा, ओला आणि अतिशय पातळ पृष्ठभाग लागतो, आणि इतकी नाजूक गोष्ट थेट बाहेरच्या हवेला उघडी ठेवावी लागते. फुप्फुसांची बहुतेक रचना या अडचणीतून समजून घेता येते.

हा पृष्ठभाग वायुकोशांचा, म्हणजे फुप्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांचा असतो. प्रौढ माणसात सुमारे ३० ते ५० कोटी वायुकोश असून प्रत्येकाचा व्यास साधारण ०.२ मिमी. असतो, सर्वांचे मिळून पृष्ठफळ ७० चौ. मी.च्या आसपास भरते. वायुकोशाची भित्ती व केशवाहिनीची (अतिशय बारीक रक्तवाहिनीची) भित्ती एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि त्यांची एकत्रित जाडी काही ठिकाणी अर्ध्या मायक्रोमीटरहूनही कमी असते. विश्रांतीच्या वेळी तांबडी पेशी या केशवाहिन्यांतून सुमारे पाऊण सेकंदात पुढे जाते, पण ऑक्सिजन पुरेसा मिळायला तिला त्याच्या एक तृतीयांश वेळही पुरतो. धावताना रक्ताचा वेग वाढतो, तेव्हा हा राखीव वेळच कामी येतो.

ओलसरपणाची मात्र किंमत असते. वायुकोशातील द्रवाच्या पृष्ठताणामुळे, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग आकसवणाऱ्या ओढीमुळे, कोश मिटू पाहतो आणि लहान कोशातली हवा मोठ्यात ढकलली जाण्याचा धोका असतो. भित्तीतील काही पेशी मेद व प्रथिने असलेला एक स्राव तयार करून हा ताण कमी करतात. उच्छ्वासात कोश आकसला की स्रावाचे रेणू दाटीवाटीने येतात व ताण आणखी घटतो. आधाराची सर्वांत जास्त गरजही तेव्हाच असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास घेणे जड जाते ते या स्रावाच्या कमतरतेमुळे, हे मेरी एलेन एव्हरी आणि जेरी मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले. पुढे हा स्राव बाहेरून देण्याचे उपचार आले आणि असंख्य बाळे वाचली.

श्वासनलिकेला साधारण २३ वेळा फाटे फुटतात. त्यांपैकी पहिल्या १६ टप्प्यांत विनिमय होत नाही. म्हणून ५०० मिलि. श्वासातली सुमारे १५० मिलि. हवा वायुकोशांपर्यंत पोहोचतच नाही. हा अपव्यय वाटतो, पण तसा तो नाही: नाकापासूनच्या या वाटेत हवा कोमट व दमट होते, धूळ श्लेष्म्यात (चिकट स्रावात) अडकते आणि सूक्ष्म रोमक, म्हणजे पेशींवरचे केसांसारखे तंतू, ती घशाकडे लोटतात. फाटे वाढतात तसे एकूण छेदक्षेत्र वाढत जाते व हवेचा वेग मंदावतो. अखेरचा टप्पा वायू केवळ विसरणाने ओलांडतात.

हवा आणि रक्त यांची गाठही पडावी लागते. एखाद्या भागात ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्त हवेशीर भागाकडे वळते. शरीरात इतरत्र अशा वेळी रक्तवाहिन्या उलट रुंदावतात.