कहवेहाने आणि चहाची बाग: इस्तंबूलमध्ये चहा प्यायला बसायचं कुठे?

‘टी गार्डन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आसामचे मळे येतात. तुर्कस्तानात चहाचे मळे आहेत, पण ते दूर काळ्या समुद्राकाठी, रिझे भागात. इस्तंबूलमधली ‘चाय बाहचेसी’ म्हणजे चहा पिण्याची बाग. झाडाखाली टेबलं-खुर्च्या आणि जमलं तर समोर पाणी. ‘बाहचे’ आणि आपला ‘बगीचा’ एकाच फारसी शब्दाची लेकरं.

पर्यटकाचा घोटाळा होतो तो या बागेत आणि ‘कहवेहाने’त. ‘कहवे’ म्हणजे कॉफी, आणि ‘हाने’ म्हणजे आपल्या दवाखान्यातला, कारखान्यातला ‘खाना’. नाव कॉफीचं, पण आत डोकावलं तर जवळजवळ प्रत्येक टेबलावर चहाच. मग बागेत आणि इथे फरक काय?

आधी नावाचं कोडं सोडवू. सतराव्या शतकातला इतिहासकार पेचेवी सांगतो, की १५५०च्या दशकात सीरियातल्या हलब (अलेप्पो) आणि दमास्कसहून आलेल्या दोघांनी ताहताकले भागात शहरातली पहिली कॉफीची दुकानं थाटली. माणसं तिथे तासन्‌तास बसू लागली, आणि माणसं बसली की राज्यकारभारावर बोलणारच. चौथ्या मुराद सुलतानाने १६३३ मध्ये ही दुकानं बंद पाडली, तरी ती पुन्हा उभी राहिलीच. कॉफी यायची ती तुर्कांच्या ताब्यातल्या येमेनमधून. पहिल्या महायुद्धात येमेन हातचं गेलं आणि कॉफी परदेशातून आणायची महागडी चीज झाली. १९२४ मध्ये रिझेत चहाच्या लागवडीला उत्तेजन देणारा कायदा झाला, १९४७ मध्ये तिथे चहाचा पहिला कारखाना सुरू झाला, आणि घरचा चहा देशभर पोचला. पाटी मात्र कॉफीचीच राहिली.

चहा दोन्हीकडे सारखाच. ‘चायदानलिक’ म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन किटल्या. खालच्या किटलीत पाणी उकळतं, वरच्या छोट्या किटलीत पत्ती त्या वाफेवर मुरते. या मुरण्याला ते ‘देम’ म्हणतात. आपल्या दम बिर्याणीतला दमच तो. कमरेशी बारीक असलेल्या काचेच्या पेल्यात आधी हा दाट अर्क ओततात आणि वरून उकळतं पाणी. फिका हवा तर ‘आचिक’ म्हणायचं, कडक हवा तर ‘कोयू’. दूध नाही. उत्तम रंग जमला की त्याला ‘सशाचं रक्त’ म्हणतात. पेल्याला कान नसतो, म्हणून तो काठाशी दोन बोटांनी धरायचा. पेला उजेडासमोर धरून पाहा, तळाशी तांबडा रंग दाट दिसतो. सशाचं रक्त का म्हणतात ते तेव्हाच कळतं.

खरा फरक खुर्च्यांत आहे. कहवेहानेत खुर्च्या टेबलाकडे तोंड करून असतात, कारण टेबलावर खेळ रंगलेला असतो. पत्ते, ‘तावला’ म्हणजे बॅकगॅमन, नाहीतर ‘ओकेय’, म्हणजे रमीसारखा, पण पत्त्यांऐवजी सोंगट्यांनी खेळायचा खेळ. बाहेरूनही सोंगट्यांचा खडखडाट ऐकू येतो. बसलेले सगळे पुरुष, बहुतेक त्याच गल्लीतले, बरेचसे निवृत्त. बायकांना मनाई करणारा कायदा नाही. रीतच तशी आहे. बागेत खुर्च्या बॉस्फरसकडे, म्हणजे शहराच्या मधून जाणाऱ्या सामुद्रधुनीकडे वळलेल्या. नवराबायको, आजी, कॉलेजातल्या मैत्रिणी, बाबागाडीतलं बाळ. फाटकावर अनेकदा ‘आयले चाय बाहचेसी’ लिहिलेलं असतं. आयले म्हणजे कुटुंब. एकट्या बाईने तिथे निर्धास्त जाऊन बसावं.

मला बाग जास्त आवडते, आणि केवळ देखाव्यासाठी नाही. घरात जागा कमी असलेली माणसं एका पेल्याच्या मोबदल्यात संध्याकाळभर पाण्याकाठी बसू शकतात, हे या शहराचं मोठं सुख आहे. पण कहवेहानेला निव्वळ रिकामटेकड्यांचा अड्डा समजू नका. कामाची, घराची, लग्नाची बोलणी तिथेच होत आली आहेत. एकोणिसाव्या शतकात त्यातली काही ‘किरातहाने’ झाली, म्हणजे वाचनाची जागा, कॉफीसोबत वर्तमानपत्रं. पुढे वाचन मागे पडलं, पत्ते राहिले, आणि आज दोन्ही नावं एकाच जागेला लागतात. २०१८च्या निवडणुकीत एर्दोगान यांनी ‘मिल्लेत किरातहानेसी’चं, म्हणजे जनतेच्या वाचनाच्या जागांचं आश्वासन दिलं, त्याला त्याच जुन्या अर्थाचा आधार होता.

जेवणाची अपेक्षा दोन्हीकडे ठेवू नका. बागेत सिमित म्हणजे तीळ लावलेला कडीसारखा पाव, चीज टोस्ट, सूर्यफुलाच्या बिया मिळतात. पोटभर हवं तर ‘एस्नाफ लोकांता’ शोधा. दुकानदार-कारागिरांसाठीची ही साधी खाणावळ. काचेमागे तयार पदार्थ मांडलेले असतात, बोट दाखवून राजम्यासारख्या पांढऱ्या घेवड्याची उसळ आणि भात घ्यायचा. जुन्या खाणावळीत ‘आयले सालोनु’ अशी पाटी दिसली, तर ती कुटुंबांसाठीची वेगळी खोली; बागेच्या फाटकावरचाच तो शब्द.

बाग निवडायची असेल तर बॉस्फरसच्या आशियाई काठावरच्या चेंगेलकोय भागातली ‘चिनारआल्ती’ गाठा. नावाचा अर्थच चिनाराखाली, आणि झाड तेच, आपण काश्मीरमध्ये पाहतो ते. शेकडो वर्षांच्या त्या फांद्यांखाली बसून जवळच्या दुकानातून आणलेलं गरम बोरेक, म्हणजे पातळ पापुद्र्यांचा भरलेला खारा पदार्थ, खावा. चहा त्यांचा, खाणं आपलं. वाढपी रिकामा पेला दिसला की नवा ठेवतो. पुरे झालं की चमचा पेल्यावर आडवा ठेवायचा, मग तो समजून पुढच्या टेबलाकडे वळतो.