गॅमा किरण स्फोट आणि दीर्घिकांतून निसटणारे आयनीकारी प्रारण

गॅमा किरण स्फोट आणि दीर्घिकांतून निसटणारे आयनीकारी प्रारण : तरुण, वजनदार ताऱ्यांच्या जंबुपार प्रकाशापैकी किती हिस्सा त्यांच्या दीर्घिकेबाहेर पडतो, हे त्याच दीर्घिकेत झालेल्या गॅमा किरण स्फोटाच्या (गॅमा किरणांच्या अल्पकाळ टिकणाऱ्या प्रखर झोताच्या) वर्णपटावरून मोजण्याची पद्धत. येथे आयनीकारी प्रारण म्हणजे १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा अधिक ऊर्जेचे, अर्थात ९१.२ नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचे फोटॉन. हायड्रोजन अणूतील इलेक्ट्रॉन सुटा करण्याइतकी ताकद त्यांच्यात असते.

हा हिशेब महत्त्वाचा ठरतो तो विश्वाच्या बालपणामुळे. महास्फोटानंतरच्या पहिल्या सुमारे १०० कोटी वर्षांत दीर्घिकांमधल्या अवकाशातील उदासीन हायड्रोजनचे पुन्हा आयनीभवन झाले, म्हणजे त्याचे इलेक्ट्रॉन सुटे झाले. ते लहान दीर्घिकांतील ताऱ्यांनी केले असे मानायचे, तर त्यांचे किमान १० टक्क्यांच्या आसपास आयनीकारी फोटॉन बाहेर निसटायला हवेत, असे अनेक प्रतिमाने सांगतात. ते थेट मोजणे मात्र जिकिरीचे. दीर्घिका मंद असतात, आणि ४ च्या पुढच्या ताम्रसृतीला (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली याचे माप; जितके मोठे तितकी दीर्घिका दूरची) तर वाटेतला आंतरदीर्घिकीय हायड्रोजनच हे फोटॉन गिळून टाकतो. बाहेर आलेला प्रकाश आपल्यापर्यंत पोचतच नाही.

गॅमा किरण स्फोट ही अडचण उलट्या बाजूने सोडवतात. १९६७ मध्ये अमेरिकेच्या व्हेला उपग्रहांना अनपेक्षितपणे सापडलेल्या या स्फोटांपैकी दीर्घ प्रकारचे, म्हणजे साधारण २ सेकंदांहून जास्त टिकणारे, बहुतेक स्फोट वजनदार ताऱ्याच्या मृत्यूतून होतात. असा तारा अल्पायुषी असल्याने जन्मस्थानापासून फार दूर जाऊन मरत नाही. म्हणजे आयनीकारी प्रारण जिथे तयार होते, नेमका तिथेच काही तासांपुरता एक प्रखर दिवा लागतो. स्फोटानंतरच्या या प्रकाशाला उत्तरदीप्ती म्हणतात. तिचा वर्णपट साधा आणि सलग असल्यामुळे वाटेतल्या वायूचे ठसे त्यावर स्वच्छ उमटतात.

मोजायचा असतो तो यजमान दीर्घिकेतील, म्हणजे स्फोट जिथे झाला त्या दीर्घिकेतील, उदासीन हायड्रोजन. १२१.६ नॅनोमीटरच्या लायमन-आल्फा शोषण रेषेच्या रुंदावलेल्या कडांवरून त्याची स्तंभ घनता, म्हणजे दृष्टिरेषेवरील दर चौरस सेंटिमीटरमागे असलेले अणू, काढता येते. निसटलेले फोटॉन पकडावे लागत नाहीत. हायड्रोजनच्या या भिंतीची जाडी मोजली की पलीकडे काय गेले असेल ते कळते. ही घनता १६ वर १६ शून्ये इतकी असली, तरी आयनीभवनाच्या सीमेवरचे, म्हणजे ९१.२ नॅनोमीटरचे, ६३ टक्के फोटॉन अडतात. स्फोटांच्या दृष्टिरेषांवर सामान्यतः आढळतात ४ वर २१ शून्ये, म्हणजे सुमारे २५,००० पट अणू. अशा भिंतीतून काही निसटण्याचा प्रश्नच येत नाही.

२००७ मध्ये चेन, प्रोचास्का आणि नेदिन या खगोलशास्त्रज्ञांनी २७ स्फोटांवरून ही पद्धत मांडली. निसटणाऱ्या फोटॉनांची सरासरी निघाली सुमारे २ टक्के. २०१९ मध्ये टॅनव्हिर आणि सहकाऱ्यांनी १.६ ते ६.७ ताम्रसृतीच्या १४० स्फोटांचा हिशेब केला. सरासरी उतरली जेमतेम ०.५ टक्के, आणि वरची मर्यादा १.५ टक्के. गरजेच्या मानाने हा आकडा फारच तोकडा आहे.

या सरासरीकडे जपून पाहावे लागते. शोषण घातांकी असल्याने, म्हणजे भिंत थोडी जाड झाली तरी पलीकडे जाणारा प्रकाश झपाट्याने घटत असल्याने, जवळपास सर्व दृष्टिरेषांचे योगदान शून्य असते आणि सगळी सरासरी दोन-तीन उघड्या खिडक्यांवर उभी असते. जीआरबी ०५०९०८ आणि जीआरबी ०६०६०७ए (जीआरबी म्हणजे गॅमा किरण स्फोट) या अशा खिडक्या. तिसरी जीआरबी १९१००४बी : ३.५ ताम्रसृतीच्या, म्हणजे सुमारे १,२०० कोटी वर्षांपूर्वीच्या या स्फोटाच्या दिशेने सुमारे ३५ टक्के आयनीकारी फोटॉन बाहेर येत असल्याचे चिलीतील व्हीएलटी दुर्बिणीच्या एक्स-शूटर वर्णपटमापकाने दाखवले. तेथील स्तंभ घनता वर सांगितलेल्या १६ वर १६ शून्यांच्या जवळपास भरते, हे दोन मोजमापे एकमेकांशी जुळल्याचे लक्षण.

पद्धतीचे दोषही ठाऊक आहेत. धुळीने झाकलेल्या स्फोटांची उत्तरदीप्ती दृश्य प्रकाशात दिसत नाही, त्यामुळे सर्वांत जाड भिंती गणतीतून निसटतात. दुसरे म्हणजे, स्फोटाचा प्रखर झोत जवळचा वायू स्वतःच आयनित करून टाकतो. म्हणजे स्फोटापूर्वी अडथळा आणखी जास्त असणार. हे दोन्ही दोष आकडा वाढवणारे आहेत, हे विशेष. शिवाय धातूंचे (खगोलशास्त्रात हायड्रोजन व हीलियमहून जड मूलद्रव्यांचे) प्रमाण कमी असलेल्या दीर्घिकांत असे स्फोट अधिक होतात, तेव्हा सर्व दीर्घिकांना हाच नियम लावणे धाडसाचे.

तुलनेसाठी थेट पद्धतीचे एक उदाहरण पुण्याचे आहे. आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील कनक साहा यांच्या नेतृत्वाखालील गटाने भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरील जंबुपार दुर्बिणीतून एयूडीएफएस०१ या दीर्घिकेचे आयनीकारी प्रारण टिपले व २०२० मध्ये प्रसिद्ध केले. प्रकाश ९३० कोटी वर्षांपूर्वीचा, आणि निसटण्याचे प्रमाण किमान २० टक्के. दोन आकड्यांत इतके अंतर दिसते याचे एक कारण निवडीत आहे : थेट शोधात गळती असलेल्याच दीर्घिका नजरेत भरतात, तर स्फोट होताना तो भिंत जाड की पातळ हे पाहून होत नाही.